देवबागचा होमस्टे आणि त्यांची होडी : तीनदा "आज नको" म्हणाले, म्हणूनच पैकीच्या पैकी

फेब्रुवारीत आम्ही पाच जण देवबागला तीन रात्री राहून आलो. मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि कॉलेजला असलेली भाची. घरगुती होमस्टे आहे, चारच खोल्या, पुढे सारवलेलं खळं, मागे माडांची बाग आणि बाग संपली की थेट खाडी. होडी त्यांची स्वतःची. नाव इथे टाकत नाहीये कारण वयनींनीच (होमस्टेच्या मालकीणबाई, तिकडे वहिनीला वयनी म्हणतात) निघताना सांगितलं की नाव नको टाकू, चार खोल्यांच्या वर माणसं आली तर माझ्याने रांधून होणार नाही. म्हणून मग असं ठिकाण ओळखायचं कसं, फोनवर काय विचारायचं आणि देवबागची ट्रिप आखायची कशी ते सगळं लिहिते, कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी हीच ट्रिप दुसऱ्या लोकांबरोबर केली होती आणि तेव्हा आमचं सगळं चुकलं होतं, आणि चुकलं ते कशामुळे ते मला या वेळी कळलं.

ज्यांनी देवबाग बघितलं नाहीये त्यांच्यासाठी आधी. मालवणहून तारकर्ली आणि तारकर्लीच्या पुढे रस्ता संपेपर्यंत गेलं की देवबाग, मालवणपासून दहा-बारा किलोमीटर. गाव म्हणजे वाळूची एक लांबच लांब पट्टी आहे, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. खाडीपलीकडे भोगवे, तो वेंगुर्ला तालुका. रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्हीकडचं पाणी चालत काही मिनिटांवर, काही ठिकाणी तर माडांच्या मधून एकाच वेळी दोन्हीकडे पाणी दिसतं. रात्री खोलीत झोपलो की समुद्राच्या बाजूने गाज आणि खाडीच्या बाजूने अगदी शांत. सासूबाई पहिल्या रात्री म्हणाल्या की मला होडीतच झोपल्यासारखं वाटतंय.

आता पहिला "आज नको". आम्ही कोकणकन्याने सकाळी कुडाळला उतरलो, रिक्षाने देवबागला पोचेपर्यंत दहा-साडेदहा झाले, आंघोळी, घावणे-चटणी, चहा, आणि नवऱ्याने त्याच्या सवयीप्रमाणे प्लॅन काढला, दुपारी जेवून थोडं पडायचं आणि साडेतीनला त्सुनामी आयलंड, म्हणजे खाडीतलं वाळूचं बेट. आपल्याकडे सगळे असंच ठरवतात ना, ऊन उतरल्यावर जाऊ. वयनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "आज पंचमी. आता जावन उपयोग नाय, साडेतीनाक बेट पान्याखाली आसतला. फाल्या सकाळी नऊ वाजता जावा, मगे बगा कसा दिसता ता." नवरा म्हणाला अहो पण आम्ही दोनच पूर्ण दिवस आहोत, तर म्हणाल्या "घाई कित्याक? बेट खय पळान जाता?"

हिशोब त्यांनी मला नंतर मासे साफ करता करता शिकवला आणि हा एवढा जरी लक्षात ठेवलात तरी रिव्ह्यू वाचल्याचं सार्थक होईल. तिथी घ्यायची, तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल ती भरतीची वेळ. पंचमी म्हणजे पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी म्हणजे साडेनऊ-पावणेदहाला ओहोटी. ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे शेवटची वेळ होडीवाल्यालाच विचारायची, पण तिकीट काढतानाच आपल्याला अंदाज येतो की आपण जातोय त्या दिवसांत सुकती सकाळी आहे की भर दुपारी की अंधारात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि ज्यांच्याकडे पैसे भरले त्यांनी सांगितलंही नाही. दुपारी चारला बोटीत बसवलं, बेटाच्या जागी मांडीच्या वर पाणी, स्टॉलची टेबलं पाण्यात उभी, माणसांची ही गर्दी, वीस मिनिटांनी "चला चला" करून परत. सासूबाई तर बोटीतून उतरल्याच नाहीत. मुलगा तेव्हा सात वर्षांचा, तो विचारत राहिला की बेट कुठे आहे. ते बेट म्हणजे मुळात खाडीतला वाळूचा बांधच आहे, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं गावात सांगतात म्हणून त्याला ते नाव पडलं, त्यावर झाड नाही, सावली नाही, सुकतीला वर येतो आणि भरतीला खाली जातो. म्हणजे वेळ चुकली की बघायला काही उरतच नाही. पैसे मात्र तेवढेच.

या वेळी गुरुवारी, षष्ठीला, सकाळी नऊच्या सुमारास निघालो. वयनींच्या पुतण्याकडे होडी असते, तोच तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. पाचही जणांना लाइफ जॅकेट घातली आणि घातली म्हणजे नुसती गळ्यात अडकवली नाहीत, प्रत्येकाचा पट्टा ओढून, मुलाचा खालचा पायातून घेतलेला पट्टासुद्धा लावून मग इंजिन सुरू केलं. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, त्यामुळे मी याच्याकडे फार बारीक लक्ष देते. नवऱ्याने उकडतंय म्हणून जॅकेट थोडं सैल केलं तर त्याने इंजिन बंद करून शांतपणे पुन्हा आवळलं, एक शब्द न बोलता. मला हे इतकं आवडलं की काय सांगू.

आणि बेट. आम्ही पोचलो तेव्हा वाळूची नुसती पाठ वर आली होती, ओली, चकचकीत, एकही पावलाचा ठसा नाही. आमच्यासमोर अर्ध्या तासात ते वाढत गेलं. मुलाने एक काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि दर थोड्या वेळाने जाऊन बघत होता की पाणी काठीपासून किती लांब गेलं. बोटभर, वीतभर, मग दोन पावलं. पाणी उतरलं तशा वाळूतून बारीक बारीक खेकड्या बाहेर आल्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, आणि वाळूच्या गोळ्या करून भोकाभोवती मांडायला लागल्या. वाळूतलं खायचं तेवढं काढून घ्यायचं आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची, असं ते चालतं. भाची पोटावर झोपून बघत होती, म्हणाली मामी, दारात रांगोळी काढल्यासारखं दिसतंय आणि खरंच तसंच दिसत होतं, प्रत्येक भोकाभोवती किरणांसारख्या रेषा. दोन तासांनी भरती येणार आणि सगळं पुसणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचं. मुलगा त्याच्यानंतर पाय बघून ठेवायला लागला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला कुरव पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता, हे हिवाळ्यात लांबून येतात. मुलगा पळत सुटणार तेवढ्यात तांडेलाने हात धरला. म्हणाला त्यांका बसू दे, लांबसून येतत. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या बोटीत होतो त्यांनी स्वतःच फोटोसाठी थवा उडवून दाखवला होता आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, ते आता आठवलं की वाईट वाटतं.

तिथून संगमाकडे गेलो आणि दुसरा "आज नको" तिथे झाला. संगमावर वाळू सुंदर, पाणी निळं-हिरवं, नवऱ्याला आणि भाचीला पोहायचं होतं, दोघांना पोहता येतं. तांडेल म्हणाला इथे नाही. कारण भरती-ओहोटी बदलताना अख्ख्या खाडीचं पाणी त्या एका तोंडातून आत-बाहेर करतं, वरून शांत दिसतं पण खालून ओढ असते, आणि वाळूचा उतार रोज वेगळा. "ह्या वाळूचो काय भरवसो नाय" हे त्याचं वाक्य. पोहायचं असेल तर तो आम्हाला खाडीच्या आतल्या बाजूला घेऊन गेला, कमरेएवढ्या पाण्यात, होडी शेजारीच उभी. दहा मिनिटं नाही, तासभर पोहू दिलं. पाण्यात असताना आम्हाला डॉल्फिन हवे होते, ते काही दिसले नाहीत, पण त्याने डॉल्फिनचे वेगळे पैसेही लावले नाहीत. दिसलेच नाहीत तर पैसे कशाचे असं तो म्हणाला. काही जण "डॉल्फिन नक्की दाखवतो" म्हणून पैसे घेतात, त्यांच्यापासून लांब राहा, समुद्रातल्या जनावराची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही आणि दिसलं की तीन-चार बोटी मिळून त्याच्या मागे लागतात ते बघवत नाही.

तिसरा "आज नको" स्नॉर्केलिंगचा. ते देवबागला नाही, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला. त्यासाठी वयनी मालवणमधल्या ओळखीच्या मुलांना फोन लावून देतात, कमिशन घेत नाहीत, मी विचारलं होतं. आमचं गुरुवारी दुपारचं ठरलं होतं, त्या मुलांनी स्वतः फोन करून सांगितलं की वारा सुटलाय, पाणी गढूळ आहे, आज तुम्हाला काही दिसणार नाही, उद्या सकाळी साडेसातला या. पैसे भरायला तयार असलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं सांगा. कोकणात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो त्यामुळे पाणी नितळ आणि शांत, आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा उठतात, तळ ढवळतो. म्हणजे पाण्याखालचं काहीही असेल तर सकाळी, शक्यतो नऊच्या आत. आणखी एक म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि जास्त गढूळ होतं, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. पण बेट मात्र उधाणाच्या सुकतीला जास्त उघडं पडतं, फक्त ती सुकती पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला येते. म्हणजे दोन्ही हवं असेल तर चतुर्थी ते सप्तमी हा काळ मला बरोबर वाटला. सुकती सकाळी नऊ ते साडेअकराच्या मध्ये पडते, बेट पण मिळतं आणि पाणी पण. तीन रात्री ठेवा, एक दिवस वाऱ्यासाठी राखीव. दोन दिवसांत सगळं बसवायला गेलात की मग कोणीतरी तुम्हाला चुकीच्या वेळी बोटीत बसवणारच.

मालवणचा तो भाग सागरी अभयारण्य आहे हे कितीतरी लोकांना माहीत नसतं, आम्हालाही पहिल्या वेळी कोणी सांगितलं नाही. १९८७ साली जाहीर झालं, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूच्या खडकांचा तीन चौरस किलोमीटरच्या वरचा भाग गाभा क्षेत्र. गावातल्या मच्छीमारांचा याला सुरुवातीपासून विरोध राहिलाय, त्यांचं म्हणणं पिढ्यान्पिढ्या आम्ही इथे मासे धरतो आणि बंधनं आमच्यावरच, आणि रापणीवाल्यांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचं, ते म्हणणं मला पटतं सुद्धा. पण मग जे पर्यटक म्हणून जातात त्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं ना. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, तुकडा उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे, तुटून पडलेला असला तरी घेऊ नका.

आता फरक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बोटीने नांगर सरळ खडकावर टाकला होता, आणि एकाने पाण्यात ब्रेडचे तुकडे टाकले, मासे झुंबडले, व्हिडिओ काढला, "झालं, पुढचा". माझ्या मुलाला खडकावर उभं राहायला सांगितलं होतं, त्याच्या पायाखाली काय होतं ते मला आता कळतं. या वेळच्या मुलांनी पाण्यात आधीच एक दोर सोडून ठेवला होता, वर रिकामा प्लास्टिकचा कॅन तरंगत, होडी त्या दोराला बांधली, नांगर टाकलाच नाही. उतरायच्या आधी पाच मिनिटं समजावलं, पाय खाली सोडायचे नाहीत, हात लावायचा नाही, दम लागला तर रिंग धरून तरंगायचं. ब्रेड नाही. त्यांचं म्हणणं मासे खडकावरचं शेवाळ खातात म्हणून प्रवाळ मोकळा राहतो, त्यांना ब्रेडची सवय लावली तर खडक कोण साफ करणार. भाचीला स्कूबा करायचं होतं, तिला दिलं, मुलाला दिलं नाही, दहा वर्षांच्या आत आम्ही देत नाही म्हणाले, रडला थोडा पण स्नॉर्केलिंगमध्ये विसरला.

आणि एक, पाण्याखालचे जे रंगीबेरंगी फोटो आपण बघतो तसं तिथे दिसेल या अपेक्षेने जाऊ नका. प्रवाळ तपकिरी, हिरवट, पिवळसर दिसतो. तो रंगच त्याच्या जिवंत असण्याची खूण आहे कारण प्रवाळाच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्याचं अन्न बनवतं, पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. मी मास्क लावून पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा मला नुसता दगड दिसला, मग नजर बसली आणि कळलं की त्या "दगडाला" मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं आहेत, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा माझ्याकडे बघतोय आणि हलत नाहीये. माझ्या काचेपासून हातभर लांब. मी श्वास घ्यायचं विसरले बहुतेक. पुन्हा पुन्हा तेच एवढंसं बघत राहिले, बाकीचे कुठे गेले कळलंच नाही.

त्याच सकाळी तिथूनच किल्ला केला. सासूबाई धक्क्यावर थांबल्या होत्या त्या आल्या. सिंधुदुर्गाबद्दल इथे जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, १६६४ ला काम सुरू, कुरटे बेटावर, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. एवढंच सांगते की होडीतून अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, मुलाला तो शोधायला लावा. आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी नक्की बघा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं.

विहिरीवरून आठवलं, कारण होमस्टेबद्दल सांगायचं त्यात पाणी महत्त्वाचं आहे. देवबागला पण तसंच आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, गोडं पाणी हलकं म्हणून. विहिरीला लागतं ते हे वरचं पाणी. पंप लावून धबाधबा उपसलं की खालचं खारं वर येतं. त्यामुळे वयनींकडे शॉवर नाही, बादली आणि तांब्या, गरम पाणी चुलीवरच्या हंड्यातलं, सांगितलं की आणून देतात. काही लोकांनी म्हणे यावरून तक्रार केली होती. मला उलट बरं वाटलं, मुलाला विहिरीपाशी नेऊन दाखवलं, त्याच्यानंतर त्याने दात घासताना नळ चालू ठेवला नाही. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर पाणी आणखी जपून वापरावं लागेल, आणि स्विमिंग पूलवाली रिसॉर्टं त्याच वाळूवर उभी आहेत तर त्यांचं पाणी कुठून येतं हा प्रश्न मला पडला.

समुद्राच्या बाजूला काळ्या दगडांचा बंधारा आहे काही ठिकाणी, तो बघून फोटो खराब होतो म्हणून नाक मुरडू नका. समुद्र दरवर्षी किनारा खातोय. वयनींनी मला हात लांब करून दाखवलं की लग्न होऊन आले तेव्हा त्या तिकडे, आता जिथे लाट फुटते ना, तिथे माड होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्यांच्या बागेतले सात माड पडले आणि लाइट कितीतरी दिवस नव्हती. जिथे बंधारा नाही तिथे वाळूवर मर्यादवेल पसरलेली दिसेल, जांभळी फुलं, शेळीच्या खुरासारखी पानं. ही वेल वाळू धरून ठेवते, नावच मर्यादवेल. गाड्या तिच्यावरून नेतात लोक, बीचवर गाडी फिरवायची म्हणून. कृपा करून नेऊ नका. आमच्या समोर एक पांढरी गाडी रुतली होती आणि तिला काढायला अर्धा तास चाकं फिरवत होते, वेलीचा पार लगदा झाला.

रात्री समुद्राकडचे दिवे वयनी साडेनऊला बंद करतात. या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उजेड असला तर मादी न घालताच परत फिरते, पिल्लं पण उजेडाकडे भरकटतात. आम्हाला कासव दिसलं नाही, दिसेल असं कोणी सांगितलंही नव्हतं. अंधार मात्र मिळाला, चांदण्या मिळाल्या, सासूबाईंनी मुलाला सप्तर्षी दाखवले.

जेवण. इथेही "आज नको" चालूच. सुरमई मागितली तर म्हणाल्या आज सुरमई बर्फातली आहे, बांगडा रापणीचा आहे, सकाळी आलेला, तो खा. बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, आणि भात. माझ्या नवऱ्याने तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्यांनी काही न बोलता सोलकढीची वाटी भरली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं आणि भाकरी, शेवटच्या दिवशी कोंबडी-वडे. सासूबाईंचा गुरुवार असतो, त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या वेगळ्या केल्या, भांडी वेगळी, आम्ही सांगितलं पण नव्हतं, त्यांनी फोनवरच विचारून घेतलं होतं की घरात कोणाचा वार असतो का. सोलकढी रोज ताज्या नारळाच्या दुधाची, कोकमाचं आगळ घरचं. आम्हाला माणशी दिवसाला दीड हजारात राहणं, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण पडलं, होडीचे वेगळे.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. मोबाइलला रेंज नाही म्हणजे नाहीच, रस्त्यापर्यंत जावं लागतं, आणि त्यामुळे यूपीआय अडकतं, कॅश घेऊन जा. कमोड एकाच खोलीत आहे, घरात गुडघेदुखीवालं माणूस असेल तर ती खोली आधीच मागून घ्या. आम्ही सांगायचं विसरलो आणि सासूबाईंचे एक दिवस हाल झाले, मग खोली बदलून दिली. संध्याकाळी डास भरपूर. मोठी गाडी आत वळत नाही, रस्ता एकच आणि अरुंद, शनिवार-रविवारी अडकतो. वयनींच्या जिभेला हाड नाही, उशिरा जेवायला आलात तर ऐकून घ्यावं लागेल, पण प्रेमाने.

२६ मे ते ३१ ऑगस्ट होड्या, किल्ला, पाण्यातलं सगळं बंद असतं, तेव्हा कोणी "करून देतो" म्हटलं तरी जाऊ नका. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे क्रम असा लावा, आधी पंचांगात तिथी बघा, मग शनिवार-रविवार वगळून दिवस धरा, मग तिकीट आणि मग होमस्टे. आपण नेमकं उलट करतो.

आणि फोनवर विचारायचं ते हे. बोटीची वेळ तुम्ही ठरवता की आम्ही? जो म्हणेल "तुम्ही म्हणाल तेव्हा" त्याला सोडून द्या. बोट कुठे बांधता, नांगर टाकता का? लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? मासे कुठले, आजचे का? एवढ्या चार प्रश्नांत माणूस कळतो. मी नंतर उत्सुकतेपोटी आणखी दोन ठिकाणी फोन करून हेच विचारलं, एकाने फोन ठेवला आणि एका काकांनी मला वीस मिनिटं भरती-ओहोटी समजावली आणि शेवटी म्हणाले या आठवड्यात येऊ नका, सुकती अंधारात आहे, पुढच्या आठवड्यात या. त्यांच्याकडे मी डिसेंबरचं बुकिंग केलंय, आईबाबांना घेऊन, वद्य पंचमीचं. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दुपारी ही सगळी माणसं झोपलेली असतात.